चार वर्षांचं पित्त

सत्याला पर्याय नाही, यावर मालिनीबाई गायधनींची अढळ श्रद्धा होती. ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवताना त्या हे वर्षातून एकदा तरी भरल्या आवाजात सांगत. नवऱ्याला काय झालंय, हे मात्र त्यांनी चार वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

ढुंढिराजांना क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस होता. म्हणजे स्वादुपिंडाला कायमची सूज. बरगड्यांच्या खाली कळ उठायची आणि पाठीपर्यंत आरपार जायची. मग ते उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसत. प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल, तेल-तूप जवळजवळ बंद, आणि अधूनमधून हॉस्पिटल. कारण सापडलं नव्हतं. "काही जणांना होतो असाच," असं डॉक्टर म्हणाले, पण त्याआधी त्यांनी विचारलं होतं, "घेतात का?" मग नर्सने विचारलं, सोनोग्राफीवाल्याने विचारलं, आणि औषधाच्या दुकानदाराने न विचारता नुसतं पाहिलं. ढुंढिराजांनी आयुष्यात घेतलेलं सगळ्यात कडक पेय म्हणजे सुंठीचा काढा. पण चहूकडे द्राक्षांचे मळे असलेल्या गावात हे कुणाला पटवायचं? म्हणून घरी आल्या आल्या मालिनीबाईंनी जाहीर केलं, "पित्त आहे."

नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत पित्ताला मान होता. निम्म्या घरांत ते होतंच. लोकांनी कोकमं आणून दिली, मोरावळा आणून दिला, आणि विषय मिटला.

तो उघडला मुलीचं, आभाचं लग्न ठरल्यावर. लग्नाआधी नातेवाइकांनी नवरीला आणि तिच्या आईबापांना घरी बोलावून जेवू घालायचं, म्हणजे केळवण. ही पद्धत ज्याने काढली त्याचं स्वादुपिंड ठणठणीत असणार. मालिनीबाईंचं मागणं एवढंच होतं, की कन्यादानाच्या वेळी नवरा पाटावर असावा, सलाइनवर नसावा. सुरुवातीची केळवणं त्यांनी निभावली. म्हणजे ढुंढिराजांच्या ताटातलं तळण आणि गोड त्या गुपचूप आपल्या ताटात ओढत राहिल्या. लग्नासाठी शिवलेली ब्लाउजं उसवून घ्यावी लागली.

शेवटचं केळवण त्र्यंबकेश्वरला, ढुंढिराजांच्या थोरल्या बहिणीकडे होतं. इंदूवन्संनी पुरणपोळ्या केल्या होत्या. शिवाय ढुंढिराजांच्या ताटाशेजारी वाटीभर गरम दूध होतं, आणि दुधावर बोटभर तूप.

"वन्सं, त्यांना तूप नको," मालिनीबाई म्हणाल्या.

"का गं?"

"सोसत नाही."

"पित्ताला तूप सोसत नाही? अगं, पित्ताचं औषधच ते. चार वर्षं गोळ्या गिळतोय, बघ कसा वाळलाय. तुझ्या घरी तूप दिसत नाही म्हणूनच झालंय हे. ढुंडू, पी."

मालिनीबाईंनी तोंड उघडलं. समोर आभाच्या होणाऱ्या चुलतसासूबाई बसल्या होत्या. व्याही शेखरराव दीक्षितांच्या या थोरल्या वहिनी त्र्यंबकेश्वरातच राहत, म्हणून वन्संनी त्यांनाही जेवायला बोलावलं होतं. त्या मान वाकडी करून ऐकत होत्या. मालिनीबाईंनी तोंड मिटलं.

ढुंढिराजांनी बायकोकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, आणि वाटी रिकामी केली.

"शहाणा माझा भाऊ," वन्सं म्हणाल्या.

दुखायला लागलं की ढुंढिराज फार सभ्य होत. एरवी ते वरणात मीठ कमी आहे म्हणून तासभर बोलू शकत. त्या दिवशी पान उचलेपर्यंत त्यांनी बहिणीच्या घरच्या पडद्यांचं कौतुक केलं, मग टाइल्सचं केलं. "गाडी काढ," मालिनीबाई आभाला म्हणाल्या. अंजनेरीपर्यंत ढुंढिराजांनी रस्त्याची स्तुती केली. सातपूर आलं तेव्हा ते डॅशबोर्डवर कपाळ टेकून गप्प होते.

हॉस्पिटलात नवीन डॉक्टर होते. "घेतात का?"

"नाही."

"कधीतरी? पार्टीबिर्टीला?"

"त्यांच्या पार्टीत साबुदाण्याची खिचडी असते."

डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. सलाइन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन, आणि तोंडाने काही नाही. लग्न आठ दिवसांवर होतं. "लग्नाचं मी आज सांगत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री ढुंढिराज कण्हत होते आणि मालिनीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"पुरणपोळी छान होती हो वन्संची," ढुंढिराज म्हणाले. म्हणजे अजून बरंच दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी शेखरराव भेटायला आले. मालिनीबाईंनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मन घट्ट करून सगळं सांगून टाकलं. आजाराचं नाव, चार वर्षं, पित्त, सगळं. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण लोक लगेच भलतं समजतात. ते घेत नाहीत हो. कधीच घेतली नाही."

शेखरराव सहानुभूतीने मान हलवत होते. "वहिनी, आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"घेतात ते. आमच्या वहिनींनी मुलगी बघायला आलो तेव्हाच ओळखलं. दादाचं लिव्हर गेलं ना, त्या बारा वर्षं अल्सर सांगायच्या. तुम्ही पित्त म्हणालात आणि त्या मला म्हणाल्या, भाऊजी, समजून घ्या."

"आणि तरी तुम्ही होकार दिलात?"

"मुलगी चांगली आहे. आणि आमच्या आल्हादला पसंत आहे. आजकाल एवढं कोण बघतं?"

"अहो, पण ते खरंच घेत नाहीत. देवाशप्पथ."

"नाहीच घेत," शेखरराव समजुतीने म्हणाले. मालिनीबाई जसजशा शपथा घेत गेल्या, तसतसे ते जास्तच समजून घेत गेले. शेवटी त्यांनी डोळे पुसले, आपल्या वहिनीही अशाच होत्या म्हणाले, आणि निघाले.

मग मालिनीबाईंनी इंदूवन्संना फोन लावला आणि त्यांनाही खरं सांगितलं.

वन्संनी विचारलं, "म्हणजे तूप नको होतं?"

"नको होतं."

"पण मी विचारलं की तुला. सांगायचंस ना गं."

"हो," मालिनीबाई म्हणाल्या. पलीकडून वन्सं नाक ओढत असल्याचा आवाज आला.

लग्नाच्या दोन दिवस आधी ढुंढिराजांना घरी सोडलं. कन्यादानाला ते पाटावर बसले. चेहरा पांढराफटक होता, पण बसले, आणि भटजींनी सांगितलं ते सगळं म्हणाले. पंगतीत वन्सं त्यांच्या मागे उभ्या राहून वाढप्यांना हाकलत होत्या. "त्याला मऊ भात. बिनतुपाचा. अरे, बिनतुपाचा म्हटलं ना."

जेवणं झाल्यावर शेखररावांनी ढुंढिराजांचा दंड धरला आणि त्यांना बाजूला नेलं. "मागच्या खोलीत तुमची व्यवस्था केली आहे," ते हळूच म्हणाले. "मालिनीवहिनींना कळणार नाही. निवांत बसा."

ढुंढिराज गेले. टेबलावर बाटली होती, बर्फ होता, तळलेले शेंगदाणे होते. भिंतीला लागून एक कॉटही होती. ढुंढिराजांनी फेटा काढून बाटलीशेजारी ठेवला, आणि कॉटवर पाऊण तास झोपले.