निवाऱ्याबाहेरचा एक

माझ्या निवाऱ्यात लोक बसत नाहीत, असं कुणी म्हणू नये. बसतात, चांगले ऐसपैस बसतात. फक्त एक जण सोडून.

मी शहर बससेवेच्या कचेरीत थांब्यांची आखणी करते. चौदा वर्षं नुसते खांब आणि पत्रे आखले. हा निवारा मात्र मनासारखा जमला होता. पाठ टेकता येईल असा बाक, उठताना धरायला दांडे, मागे वारा खेळेल अशी जाळी, आणि गाडी येते त्या बाजूला माणसापेक्षा उंच फलक. फलकावर सगळे मार्ग आणि वेळा. दांड्यांची उंची मी आमच्या आत्याला घरी खुर्चीवरून पंचवीसदा उठवून ठरवली. आईमागे तिनंच मला वाढवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती काठी घेऊन चालते. दुसराही गुडघा बदलायला लावतेस की काय, असं ती म्हणाली तेव्हा कुठे मी टेप गुंडाळली.

नमुन्याचा पहिला निवारा आमच्या घराजवळच्या वळणावर उभा राहिला. शुक्रवारी साहेब सही करणार आणि तसेच आणखी तीस होणार होते. फाइलीला वजन यावं म्हणून त्यांनी मला तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, रस्त्यापलीकडे बसून माणसं मोजायला सांगितलं.

आठ जण आले, सात बसले, एक बाहेर उन्हात. पाच आले, चार बसले, एक बाहेर. दोघं आले तर एक आत नि एक बाहेर, जणू आत्ताच भांडण झालंय. आणि भल्या सकाळी एकटीच आलेली नर्स तर रिकाम्या बाकाकडे पाठ करून उभी. बाहेरचा माणूस दर वेळी निराळा, पण असायचा एकच.

दुसऱ्या दिवशीचा तक्ता पाहून साहेब खूश झाले. आठांतले सात म्हणजे उत्तमच, उरलेल्याला उभं राहायला आवडत असेल, व्यक्ती तितक्या प्रकृती, असं म्हणून त्यांनी तो फाइलीला लावलासुद्धा. मला मात्र चैन पडेना. आवडीचाच प्रश्न असता तर कधी तिघं उभे राहिले असते, कधी कुणीच नाही. आवड अशी शिस्तीत कधीपासून वागायला लागली?

मग माझे उद्योग सुरू झाले. बाक तापतो का म्हणून हात ठेवून पाहिला. खिळा वर आलाय का म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेले. वास येतो का म्हणून चारही कोपरे हुंगले, तेव्हा शेजारच्या बाईंनी पर्स पोटाशी धरली. काहीच सापडलं नाही.

शेवटी तिसऱ्या सकाळी बाहेर उभ्या असलेल्या माणसालाच गाठलं. हा कोपऱ्यावरच्या दुकानातला न्हावी. आत जागा असताना उन्हात का, असं विचारलं.

"आज माझा नंबर आहे," तो म्हणाला.

"कसला?"

"गाडी बघायचा."

मग त्यानं मला नीट समजावलं, एखाद्या पाहुणीला समजवावं तसं. आत बसलं की फलकामुळे येणारी गाडी दिसत नाही. ड्रायव्हरलाही आतली माणसं दिसत नाहीत. थांबा रिकामा समजून तो तसाच पुढे जातो. पहिल्या आठवड्यात तीनदा तसं झालं. तेव्हापासून रोजच्या लोकांनी नंबर लावून घेतले आहेत. एकानं बाहेर राहायचं, गाडी दिसली की हात करायचा आणि आतल्यांना हाक द्यायची. म्हाताऱ्याकोताऱ्यांना माफ.

"ज्यानं हे केलंय ना," तो म्हणाला, "तो कधी बसनं गेला नसणार."

मी स्कूटरनं जाते. बाक तपासला तो कार्यशाळेत, चार भिंतींच्या आत. त्यावर मी शंभरदा बसले असेन, पण बसून गाडीची वाट एकदाही पाहिली नव्हती. आणि गाडी कधी येणार ते सांगणारा फलक मी नेमका गाडीच्या आड उभा केला होता. इतकी लाज वाटली की हे माझंच काम आहे, हेही त्याला सांगवेना.

एकट्यानं आलेल्याचं काय, एवढं मात्र विचारलं. एकट्यानं स्वतःच उभं राहायचं, तो म्हणाला. दुपारी दोनच्या गाडीला एक काठीवाल्या आजी असतात, त्या वेळेला दुसरं कुणीच नसतं, मग त्यांना माफ करणार कोण?

धाकटी आत्या वृद्धाश्रमात असते. तिला भेटायला आमची आत्या रोज दोनच्याच गाडीनं जाते.

त्या दुपारी मी दोनच्या आधी वळणावर पोचले. आत्या निवाऱ्याबाहेर उभी होती. एका हातात काठी, दुसरा हात फलकाच्या खांबाला, आणि पाय दुखला की भार या पायावरून त्या पायावर. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलंय, उभं राहायला सक्त मनाई आहे.

जवळ जाऊन विचारलं तर म्हणे आत्ताच उठले. मी तिच्या पायांकडे पाहिलं, तशी तिनं नजर वळवली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"शुक्रवारी सही आहे म्हणालीस ना. म्हटलं, एकदा मंजूर होऊ दे, मग सांगू."

मी तिला आत बसवलं आणि गाडी येईपर्यंत बाहेर उभी राहिले. दांडे धरून ती सहज उठली, तेवढं मात्र बरोबर जमलं होतं.

मग तडक साहेबांकडे गेले आणि फाइल परत मागितली. साहेब चक्रावले. एका माणसासाठी तीस निवारे अडवायचे का, असं त्यांनी विचारलं.

"तो एक कोण, माहितीये, साहेब? माझी आत्या."

साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली. नवा आराखडा किती दिवसांत होईल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी आठवडाभर दुपारी दोनला त्या बाकावर बसते, मग सांगते.