दीपमालाचा भागाकार

मी टाइम ऑफिसात बसतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत आमची बामच्या डब्या भरायची कंपनी आहे. कोण किती मिनिटं उशिरा आलं हे लिहून ठेवणं माझं काम, आणि का उशिरा आलं हे लक्षात ठेवणं माझी खोड. पहिल्याचा पगार मिळतो. दुसऱ्यामुळे माणसं कळतात.

पॅकिंगमधली दीपमाला चौदा वर्षांत तीनदा उशिरा आली. त्यातल्या दोनदा बस पंक्चर होती. नवीन पोरगी कामाला लागली की तिला दीपमालाच्या शेजारी उभं करायचं, हा रिवाज कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्या साहेब लोकांना पाठ आहे. दीपमाला ओरडत नाही. "पुन्हा कर," म्हणते, आणि पोरगी पुन्हा करेपर्यंत तिच्याकडे पाहत राहते. त्या पाहण्यापेक्षा शिव्या बऱ्या, असं पोरी म्हणतात. तीन दिवसांत हात बसतो.

गेल्या उन्हाळ्यात पॅकिंगच्या इन्चार्ज बाई निवृत्त झाल्या. जागा एक आणि इच्छुक नऊ. इन्चार्ज कायम जनरल शिफ्टला असते, आणि दीपमालाला हवं होतं ते तेवढंच. तिची मुलगी वैभवी चौथीत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात आईला ती फक्त झोपलेली दिसायची. "सोमवारी पाहतो तं इतकीशी, शनिवारी पाहतो तं फ्रॉक आखूड झालेला," असं दीपमाला मला एकदा मस्टरवर सही करता करता म्हणाली होती.

आधीच्या काळी अशी जागा जुन्या बाईला मिळायची. म्हणजे दीपमालालाच. पण प्रॉडक्शनला साहेब म्हणून नवीन आलेला अपूर्व हुशार निघाला. वय सत्तावीस, शर्ट इस्त्रीचा, बोलणं पुस्तकातलं. त्याने लेखी परीक्षा लावली. चाळीस मार्कांची. रोजचा अहवाल लिहायचा, सरासरी काढायची, थोडे हिशेब. नोटीस लागली तेव्हा दीपमाला ती दोनदा वाचून गेली, आणि त्या दिवशी डबा न उघडता घरी नेला. मला वाटलं उपास असेल. उपास नव्हता. तिला भागाकार येत नव्हता.

हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकतो.

मौदा तालुक्यातलं तिचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. वर्ग चार, मास्तर एक, शालिकराम गुरुजी. दुसऱ्या मास्तरांची जागा कागदावर होती. गुरुजी वाईट नव्हते. मतदार याद्या करायच्या, पोरांना महिन्याचा तांदूळ मोजून द्यायचा, तालुक्याला मिटिंगला जायचं, आणि उरलेल्या वेळात चार वर्ग शिकवायचे. त्यांनी त्यावर तोड काढली. तिसरीतली एक चुणचुणीत पोरगी उचलली, तिच्या हातात छडी दिली आणि म्हणाले, "दीपा, पहिली सांभाळ."

दीपाने पहिली सांभाळली. एक वर्ष नाही, दोन वर्षं. तिसरीत असताना आणि चौथीत असताना. व्हरांड्यात तीस पोरं, पुढे ही, दोन वेण्या आणि छडी. तीसपर्यंतचे पाढे तिने पोरांकडून असे म्हणवून घेतले की केंद्रप्रमुख आले तेव्हा खिशातून पेन काढून तिलाच देऊन गेले. आवाज, नजर, धीर हे सगळं तिला व्हरांड्याने दिलं. घेतलं ते एवढंच की भिंतीपलीकडे गुरुजी चौथीला भागाकार शिकवत होते तेव्हा ही अलीकडे 'बे एके बे' घेत होती.

पाचवीला दुसऱ्या गावची शाळा. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, भागाकार कोणाकोणाला येतो? सगळे हात वर. जी दोन वर्षं स्वतः बाई होती ती हात खाली कसा ठेवणार? तिनेही वर केला. मग तो हात कधी खाली आलाच नाही. उत्तर अंदाजाने धरायचं, गुणून पाहायचं, जुळलं की लिहायचं, असं करत दहावीला गणितात काठावर निघाली. पाढे पक्के, त्यामुळे निभत होतं. बारावीनंतर तिने डी.एड.चा फॉर्म आणला. मास्तरीण व्हायला तिच्याइतकं लायक माणूस त्या तालुक्यात नसेल. पण डी.एड.ला फळ्यासमोर उभं राहून गणित शिकवावं लागतं. फॉर्म तिने भरला नाही. घरी सांगितलं, तारीख निघून गेली.

आता परीक्षा पंधरा दिवसांवर. एका रविवारी तिने वैभवीला म्हटलं, "आण तुझी वही. अक्षर पाहू दे कसं काढून राहिली." अक्षराच्या नावाखाली तिने वैभवीच्या वहीतली आठ-दहा गणितं न्याहाळली. शहाऐंशी भागिले दोन, तीनशे पंचाहत्तर भागिले पंधरा. विचारलं काहीच नाही, पोरीला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे सांगणं. पाहून पाहून तिने नियम स्वतःच बसवला. भाग लाव, वजा कर, पुढचा आकडा खाली घे. पुरत नसेल तर त्याच्या पुढचाही घे. झालं.

आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती पॅकिंगच्या बायांना म्हणाली, "उद्यापासून डबे लवकर संपवा वं. मी भागाकार घेतो."

कोणाला वाटेल हा मोठेपणा. मला तसं वाटत नाही. तिला शिकायची एकच रीत ठाऊक होती, दुसऱ्याला शिकवणं. पाढे तिचे तसेच पाठ झाले होते.

खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवला, मार्कर घेतला, आणि बारा दिवस कॅन्टीनमागे शाळा भरली. सहा बाया यायच्या. त्यात चारुलताही. ही दीपमालापेक्षा दोन वर्षांनी कनिष्ठ, हात तिच्याइतकाच चालणारा, आणि जागेसाठी खरी टक्कर तिचीच. दीपमालाला ते माहीत होतं. तरी चारुलता चुकली की म्हणायची, "पुन्हा कर." सगळ्यात मोठी रुखमाबाई, वय छप्पन. तिला जागा नको होती. "परीक्षेले दोन घंटे बसाले भेटते, आणखी काय पाहिजे?" म्हणून तिने फॉर्म भरला होता. आठ तास उभ्याने काम करणाऱ्या बाईचा हा विचार मला तरी पटला.

परीक्षेला पहारा माझा होता. मी डोळ्यात तेल घालून बसलो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, आणि ते जवळजवळ खरं आहे.

दोन दिवसांनी अपूर्वने सात बायांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सात पेपर ओळीने मांडलेले.

"अठरा जणींनी तासाभरात एक हजार आठशे छत्तीस डब्या भरल्या. प्रत्येकीने सरासरी किती?" त्याने वाचून दाखवलं. "तुम्ही सातही जणींनी लिहिलंय, बारा. पुढचं, दोन हजार चारशे वीस भागिले चार. सातही जणींचं उत्तर पासष्ट. दोन्ही चूक. आणि बाकीच्या दोघींनी ही गणितं सोडवलीच नाहीत."

 मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय करत होता?"

"पहारा," मी म्हटलं. ते मलाच पटल्यासारखं वाटलं नाही.

"सात जणी सात तऱ्हेने चुकल्या असत्या तर मी समजलो असतो. एकसारखं चुकणं म्हणजे कॉपी. चारुलताताई, तुम्ही सगळ्यात पुढे बसला होतात. बाकी पेपर तुमचाच चांगला आहे. तुमचंच बघून उतरवलेलं दिसतंय. सातही जणी बाद, आणि फाइलला शेरा."

चारुलता उसळली. "मी कोणाले दाखवलं नाही सर! माह्या लेकराची शपथ. अन् चूक कशी म्हणता? बाराच येते!"

"बरोबर उत्तर एकशे दोन आहे."

"थे तं आहेच," रुखमाबाई म्हणाली.

अपूर्व थांबला. पण त्याचं लक्ष पेपरांवर होतं, त्याने ते ऐकलं न ऐकलं केलं. "मग मला सांगा, एकाच वेळी सात डोक्यांत एकच चूक कुठून आली?"

रुखमाबाईने सवयीने दीपमालाकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. मी घड्याळ बघणारा माणूस आहे. त्यानंतर बरोबर सात सेकंद कोणी काही बोललं नाही. त्या सात सेकंदांत दीपमाला गप्प राहिली असती तर शेरा चारुलताच्या नावावर सगळ्यात ठळक बसला असता, आणि पुढेमागे फेरपरीक्षा झाली असती तर दीपमालाची वाट मोकळी होती. हे मला कळत होतं, म्हणजे तिलाही कळत असणार.

"मी शिकवलं सर," दीपमाला म्हणाली. "जेवणाच्या सुट्टीत. या साऱ्या माह्याकडून शिकल्या."

"तुम्ही? मग तुम्हाला तरी यायला हवं होतं."

"मले येत नाही."

"काय येत नाही?"

"भागाकार. कधीच येत नव्हता." मग एकदा तोंड उघडलं म्हणून तिने व्हरांडा, छडी, पाचवीतला हात, डी.एड.चा फॉर्म, सगळं सांगितलं. पाच मिनिटांत. रडली नाही. सांगताना फक्त पदराच्या टोकाची घडी घालत होती, डबीभोवती कागद गुंडाळतात तशी बारीक.

चारुलता तिच्याकडे पाहत राहिली. "अवं, अन् तू मले 'पुन्हा कर, पुन्हा कर' म्हणे?"

"मंग काय म्हणू?"

अपूर्वला अजून पटत नव्हतं. त्याने पेपर उलटे केले आणि एकदम विचारलं, "अठरा जणी, अठराशे छत्तीस डब्या. तोंडी सांगा."

"एकशे दोन," चार-पाच आवाज एकदम आले. त्यात दीपमालाचा पहिला.

"कसं काढलं?"

"अठराशे म्हणजे शंभर-शंभर झाल्या ना," रुखमाबाई म्हणाली. "राहिल्या छत्तीस. दोन-दोन. त्यात काय काढाचं?"

"मग पेपरवर बारा का लिहिलं?"

"कागदावर बाराच येते सर."

"अहो, पण तासाला बारा डब्या? तुम्हाला दिसलं नाही का हे चूक आहे?"

"दिसलं ना," चारुलता म्हणाली. "बारा भरल्या तं दुसऱ्या दिवशी घरी बसवाल तुम्ही. पण थे कामाचं गणित आहे अन् हे पेपरचं. शाळेत असंच राहाय. पेपरात जे रीतीनं येईन थेच लिहाचं."

अपूर्व खुर्चीत मागे टेकला. माझ्या अंदाजाने त्याच्या कॉलेजात हे शिकवलं नसावं.

त्याने कोरा कागद घेतला आणि गणित मांडून दाखवलं. अठराला भाग एकदा गेला. तीन खाली घेतला, भाग जात नाही. "इथे शून्य द्यायचं. ते तुम्ही सोडलंत. मग सहा घ्यायचा."

"शून्य काहून?" दीपमाला.

"भाग जात नाही म्हणून."

"भाग जात नाही तं काहीच कायले लिहाचं?"

"तो नियम आहे."

"नियम समजला सर. काहून आहे थे सांगा."

अपूर्वने पेनाचं टोपण लावलं, काढलं. इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाला कोणी 'का' विचारलं नव्हतं, पहिलीपासून. त्याचा वर्गात नेहमी पहिला नंबर असणार, उत्तर बरोबर म्हटल्यावर कोण विचारतो?

शेवटी दीपमालाच कागदावर वाकली. "थांबा. शंभराची खोकी अठरा, प्रत्येकीले एक. दहाच्या गड्ड्या तीन, अठरा जणीत पुरत नाही, कोणालेच नाही भेटली. मंग गड्ड्या फोडल्या, सुट्ट्या छत्तीस झाल्या, दोन-दोन. म्हणजे मधात दहाची जागा रिकामी राहिली. थे दाखवाले शून्य." ती सरळ झाली. "नाहीतं शंभराचं खोकं सरकून दहाच्या जागी येते. असंच ना?"

"असंच," अपूर्व म्हणाला. हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं, पण तो साहेब आहे, म्हणून मी ते धरून चालत नाही.

शेरा कोणाच्याच फाइलला लागला नाही. आठ दिवसांनी नऊही जणींची फेरपरीक्षा झाली. या वेळी पहाऱ्याला अपूर्व स्वतः बसला. मधले आठ दिवस कॅन्टीनमागे शाळा पुन्हा भरली, बाकीच्या दोघींनाही बोलावलं, आणि तीच गणितं दीपमालानेच घेतली. या वेळी शून्यासकट.

निकाल लागला. चारुलता छत्तीस, दीपमाला तेहतीस. रुखमाबाई एकोणीस, पण तिचे दोन तास दुसऱ्यांदा बसून झाले होते, तिची तक्रार नव्हती. अहवालाच्या लिखाणात चारुलता पुढे गेली. भागाकारात दोघींना पैकीच्या पैकी.

जागा चारुलताला मिळाली. दीपमालाने निकाल वाचला आणि लाइनवर गेली. पुढच्या सोमवारी तिची सेकंड शिफ्ट होती, ती तशीच लागली. मी तिच्या नावापुढे वेळ लिहिली, एक वाजून पंचावन्न. नेहमीसारखी पाच मिनिटं आधी. मी सहीसाठी पेन पुढे केलं.

बुधवारी दुपारी ती लाइन सोडून चारुलताच्या टेबलापाशी आली. लाइन सोडायची तर माझ्याकडून चिठ्ठी लागते, म्हणून मीही तिथेच होतो. चारुलता तिला पाहून अर्धी उठली. नवीन इन्चार्जला जुन्या बाईची थोडी भीती वाटतेच.

"बस वं," दीपमाला म्हणाली. "वैभवीच्या पुस्तकात पुढं दशांश आहे. पॉइंटवालं. तुह्या रिपोर्टात बी राहते ना थे, बाद डब्यांचं, रिजेक्शनचं? मले येत नाही. मले सांग."

चारुलताने रजिस्टर पुढे ओढलं, उघडलं, एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग बंद केलं.

"मले बी येत नाही वं," ती हळूच म्हणाली. "तीन दिवस झाले, मागच्या महिन्याचं पाहून उतरवून राहिली."

 मग दीपमालाने रजिस्टर उचललं, चारुलताने पेन, आणि दोघी अपूर्वच्या केबिनकडे निघाल्या. मी दोघींच्याही चिठ्ठ्या फाडल्या. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यावर मी जरा अडलो, आणि 'शिकणे' असं लिहिलं.

अपूर्व जेवत होता. त्या दार न वाजवता आत गेल्या.