खुंटाखालचा कोळसा

"भावजी, ती पहार आधी खाली ठेवा. मग काय ते बोला."

रखमाजी दचकला. दोघांच्या खाचरांमधल्या बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड होता, त्या खुंटाच्या बुडाशी पहार लावून तो उभा होता. नुकतं कुठं उजाडलं होतं. इतक्या सकाळी पहार घेऊन माणूस हद्दीच्या दगडापाशी काय पूजा घालतो? सरूबाईनं पदर खोचला आणि ती बांधावर चढली.

"कलला हुता, वैनी. गुरांनी ढकलला असंल. माती ठोकून नीट बसवतोय."

"कुणाची गुरं? तुमच्या गोठ्यात आता शेळीबी न्हाई."

रखमाजी नुसता हसला. तो सरूबाईचा चुलत दीर. आयुष्यभर बांधाला बांध लावून दोघांनी भात केलं. पण आजकाल त्याचं हसणं दिसलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

उत्रोली गावाच्या या अंगाला प्लॉटवाले आले आणि बाईची झोप उडाली. रस्त्याच्या तोंडाला कमान लागली, कमानीवर सिमेंटचे दोन मोर बसले, आणि कालपर्यंत नाचणी पिकणाऱ्या माळावर पिवळे दगड उभे राहिले. तेव्हापासून सरूबाईला प्रत्येक माणूस मोजणीवालाच वाटू लागला. रस्ता चुकून कुणी पाणी मागितलं तर ती पाणी द्यायची, पण गाव कोणतं, कुणाचा कोण, आणि मोबाईल वर करून काय बघतोस, हे विचारल्याशिवाय तांब्या हातात देत नसे. सून शिवानी कोपऱ्यात जाऊन माहेरी फोन लावायची, तर ही भिंतीला कान लावून उभी. त्या पोरीचं बोलणं भेंडीच्या भाजीपलीकडे जात नसे, तो भाग वेगळा.

तिचं तरी काय चुकलं म्हणा! नवरा हनुमंत तापानं गेला तेव्हा अजित मांडीवर होता आणि दोन खाचरं होती. लोक म्हणाले, बाई माहेरी जाईल. ती गेली नाही. म्हशीचं दूध भोरला घालून तिनं शेजारचा माळाचा तुकडा घेतला. ओढ्याकाठची माती पाटीनं डोक्यावरून आणून टाकली, दगड रचले, आणि दोनाची चार खाचरं केली. तिच्या मानेचं दुखणं तेव्हाचं. आता अजित शिरवळच्या कंपनीत होता आणि ही चार खाचरं म्हणजे तिचं सगळं होतं. आणि ती खाचरं जगत होती त्या एका बांधावर. बांधाच्या बुडाशी, सरूबाईच्या बाजूनं, झऱ्याचा पाट वाहायचा. पावसानं दडी मारली तरी तिचा इंद्रायणी भात त्या पाण्यावर तग धरायचा. बांध गेला की पाट गेला, आणि पाट गेला की नुसतं माळरान उरलं.

पहारीचा तो प्रकार झाला त्याच आठवड्यात तिनं रखमाजीला प्लॉटवाल्या इंद्रजितच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेलं पाहिलं. हातात चहाचा कागदी कप. झालं, बाईचं डोकंच फिरलं. ती तडक त्याच्या ओट्यावर गेली.

"इकली ना?"

रखमाजीनं खाली मान घातली. "इकली, वैनी. गुडघं चालत न्हाईत. पोरगं पुण्यास्नं येत न्हाई. कुणासाठी राखू?"

"मला का न्हाई सांगितलं? म्या घेतली असती, येक येक खाचर करून."

"तुमी मान मोडून घेतली असती. ते मला बघवलं नसतं."

"माझ्या मानंची काळजी! आन त्या दिशी पहार घिऊन काय करीत हुता? खुंट सरकवून माझा पाट त्या मोरवाल्याच्या घशात घालाय निघालाव व्हय? म्या मोजणी लावणार. सरकारी."

रखमाजी एकदम उठला. गुडघा कळवळला तसा खांबाला धरून उभा राहिला.

"वैनी, मोजणी लावू नका. हाय ते बराबर हाय. तुमच्या पाया पडतो, पर मोजणी नगं."

आता सांगा, यावर कुणाचा संशय फिटेल? सरूबाईनं दुसऱ्याच दिवशी अजितला रजा टाकायला लावून भोरच्या कचेरीत अर्ज दिला. वाटेत अजित म्हणाला, "आई, काका तसलं न्हाईत." ती म्हणाली, "तू गप. तू अजून दूधखुळा हाईस."

मोजणीच्या दिवशी निम्मं गाव बांधावर जमलं. इंद्रजित पांढऱ्या बुटांनी ढेकळं चुकवत आला. मोजणीवाले साहेब टोपी घालून, काठीवर यंत्र लावून पुढं. रखमाजी लांब, जांभळीच्या सावलीत बसून राहिला. साहेब बांधावर थांबले, यंत्राकडे बघितलं आणि पुढं चालू लागले. बांध ओलांडला. पाट ओलांडला. थेट सरूबाईच्या खाचरात शिरले आणि तिथं काठी रोवून म्हणाले, "हद्द इथं येते."

"काय?" बाई कडाडली. "डोळं फुटलं का तुमचं? खुंट तिकडं, आन हद्द माझ्या भातात?"

"मावशी, मशीन खोटं बोलत नाही," इंद्रजित गोड आवाजात म्हणाला.

"मशिनीला कुणी काय चारलंय ते मला काय ठावं! आमच्यात खुंट पुरायची रीत हाय. आधी खड्ड्यात मडकं फोडून कोळसं भरत्यात, मग वर दगड. कोळसा कुजत न्हाई. दगड हलंल, कोळसा हलायचा न्हाई. माझ्या सासऱ्यानं मला सांगितलंय. उकरा तो खुंट! खाली कोळसा न्हाई निघाला तर समजा, ह्यांनी सरकवलाय."

अजितनं खुंट आडवा केला आणि कुदळ घातली. तांबडी माती निघाली, मग मुरूम. कोळशाचा कणसुद्धा नव्हता.

"बघा!" सरूबाईनं टाळी वाजवली. "बघा रं समद्यांनी! म्या म्हनत हुते का न्हाई? हलवलाय खुंट!"

साहेब शांत होते. "मग बाई, मी दाखवलं तिथंही उकरू या."

"उकरा की! भीती हाय का मला?"

अजित खाचरात उतरला. वरची काळी माती निघाली, खालची चिकण निघाली, आणि कुदळीला खापर वाजलं. त्यानं हातानं माती सारली. फुटक्या मडक्याचे तुकडे, आणि त्यांच्यात काळेभोर कोळसे.

लोक खड्ड्याभोवती वाकले.

"राबाचा असंल," सरूबाई म्हणाली. "रोपं टाकायच्या आधी राब भाजतो आमी हितं. त्याचाच कोळसा हाय ह्यो."

पण तिचं तिलाच ते पटेना. राब भाजला की राख होते. इतक्या खोल फुटकं मडकं कोण घालतो? तिच्या सासऱ्यानं जे सांगितलं होतं, तेच समोर उघडं पडलं होतं. खुंट सरकवलेला होता. पण तिच्या हद्दीतून बाहेर नव्हे. रखमाजीच्या हद्दीत, पाटासकट जागा तिच्याकडे देऊन.

ती जांभळीखाली गेली. रखमाजी तिच्याकडे बघेना.

"कवा केलंत?"

"हनुमंत गेला त्या साली. पाट तवा माझ्या रानात हुता. तुमी पाण्यासाठी रोज दारात येऊन उभ्या ऱ्हायच्या, कडंवर पोर घिऊन. मला लाज वाटायची. म्हटलं, खुंटच माझ्या रानात आत घ्यावा. बांध नवा घातला आन तुमाला सांगितलं, जुनी हद्द चुकली हुती, पाट तुमचाच हाय. मग तुमाला कुणाचं तोंड बघाय नगं."

"आन त्या दिशी पहार?"

"प्लॉटवाल्याला म्या त्योच खुंट दाखवला हुता, हीच हद्द म्हणून. त्यानं मानली हुती. कलला हुता, म्हटलं पक्का करावा. परत कुणी इचारायला नगं."

सरूबाई तिथंच त्याच्याशेजारी बसली. तिला रडू आलं आणि स्वतःची भयंकर चीड आली. पलीकडं इंद्रजितची माणसं साहेबांच्या काठीपाशी चुना टाकत होती.

मागनं गावातले शहाणे सांगत आले, वहिवाटीचा दावा लाव, कोर्टात जा. ती म्हणाली, "मोजणी म्याच आणली, खुंट म्याच उकरला. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" महिन्याभरात तिथं सिमेंटचे खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या. झऱ्याचं पाणी कमानीआतल्या हिरवळीला गेलं. खालच्या दोन खाचरांत यंदा काय पेरायचं, ते सरूबाईला अजून ठरवता येत नाही.

रखमाजीला न्यायला पुण्याहून पोरगा आला. निघताना रखमाजी सरूबाईच्या दारात थांबला.

"भावजी, म्या लई वाईट बोलले तुमाला."

"जमीन हाय तिथं बोलणं आलंच, वैनी. मान सांभाळा. नवा भात निघाला की येतो म्या."

तो गेल्यावर तिनं अजितकरवी प्लॉटवाल्यांनी तारेबाहेर फेकलेला खुंट घरी आणवला आणि दाराशी, ओट्याला टेकून, आडवा ठेवला. दुसऱ्या दिवशी शिवानी धुण्याची बादली घेऊन त्याच्यापाशी आली. दगड गुळगुळीत होता, धुण्याला अगदी बेतशीर.

"त्याच्यावर नगं, पोरी," सरूबाई आतून म्हणाली. "भावजी आलं की बसत्याल."

आता सकाळी ती बांधाकडे जात नाही. उठते, दार उघडते आणि ओल्या फडक्यानं तो दगड पुसून ठेवते.