बकुळाचे चार किलो स्नायू

शनिवारी सकाळी मारुती मंदिराजवळच्या ‘हलकंफुलकं’ क्लिनिकची रांग जिना उतरून रस्त्यावर यायची आणि तिचं शेपूट थेट वडापावच्या गाडीला टेकायचं. शेपटाकडची माणसं आत पोचेपर्यंत अर्धा किलो वाढत, असं म्हणतात. वाढेनात का! आत सगळं भरून निघायचं. आत चमत्कार होता.

चमत्काराला पावलं ठेवायला दोन चकचकीत पत्रे होते, हातात धरायला दोन दांडे आणि समोर कपाटाएवढा पडदा. अनवाणी उभं राहिलं की पडद्यावर आपलाच पुतळा उगवायचा. चरबी लाल, पाणी निळं, स्नायू हिरवे. दर शनिवारी लाल रंग ओहोटीसारखा मागे सरायचा. कुणीतरी यंत्राला जास्वंदीचा हारही घातला होता.

यंत्राचा पुजारी हरिश्चंद्र. हे नाव आईबापांनी मोठ्या आशेनं ठेवलं होतं.

“डॉक्टर नुसती जीभ बघतो, काकू! हे मशीन पेशीपेशीत डोकावतं. ते बघा, तुमच्या पेशी टाळ्या वाजवतायत!” असं तो म्हणाला की रांगही टाळ्या वाजवायची.

बकुळाची थोरली जाऊ दमयंती तिसऱ्या शनिवारी तिथून कागद फडकवत खाडीपलीकडे भाट्याला घरी आली. कागदावर छापलं होतं: शरीराचं वय अठ्ठावीस. दमयंती एकसष्टची. तिचा मुलगा पस्तिशीचा, म्हणजे आई लेकापेक्षा सात वर्षांनी धाकटी झाली.

“आता गोळ्या बंद,” दमयंती म्हणाली. “अठ्ठावीस वर्षांच्या बाईला साखर कसली गो? सर म्हणाले, पेशी तरुण झाल्या की साखर आपोआप पळते.”

बकुळा बाजारात मासळी विकायची. तिच्या हाकेनं बर्फातली सुरमई डोळे उघडते अशी ख्याती होती. तिच्या नजरेला वेगळंच दिसत होतं. दमयंतीवयनी घागर रिकामी होईस्तोवर पाणी पीत होती, सुईत दोरा ओवताना तिचा डोळा चुकत होता, आणि हातातल्या बांगड्या पूर्वीसारख्याच साबण लावल्याशिवाय निघत नव्हत्या. बकुळा तिला ओढतच आरोग्य केंद्रात घेऊन गेली. डॉक्टर योगिनीनं बोटातून थेंब काढला. साखर तीनशे बारा.

“गोळी आजच सुरू करा, आजी. नाहीतर आधी डोळे जातील, मग पाय.”

बाहेर पडल्यावर दमयंती फणकारली. “त्या पोरीनं एक थेंब बघितलन. मशीननं अख्खी दमयंती बघितलन! मी कुणाचं ऐकू?”

गोळ्यांची पट्टी तिनं उघडलीच नाही. हात धरून गोळी तोंडात कोंबता येईल, पण रोज कशी? बकुळाला कळलं की आता बोलायचं ते वयनीशी नाही, यंत्राशी.

म्हणून तिनं क्लिनिकात स्वतःचंच नाव घातलं. पहिल्या शनिवारी सरळ उभी राहिली आणि कागद घेऊन आली. पुढच्या शनिवारी मात्र जाळ्याला ओवायच्या शिशाच्या गोळ्या फडक्यात बांधून, चांगल्या चार किलो, तिनं कमरेला गुंडाळल्या. वरून नऊवारी. नऊवारीत अख्खी होडी लपेल, शिशाचं काय!

दमयंतीला पुढ्यात घालून ती यंत्रावर चढली. पडदा उजळला. हरिश्चंद्रानं क्षणभर चाचरत बटणं दाबली, मग त्याला स्फुरण चढलं.

“वजन चार किलोनं वाढलंय, पण घाबरू नका! चरबी दोन टक्क्यांनी उतरली! ताई, हे वजन नव्हे, हे स्नायू आहेत. पोलादी स्नायू!”

टाळ्या पडल्या. बकुळानं पदर खोचला, कमरेचं फडकं सोडलं आणि टेबलावर धाडकन आपटलं. शिशाच्या गोळ्या घरंगळत चहूकडे पळाल्या.

“हे घे मेल्या तुझे स्नायू! मोजून घे.”

 रांगेत मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“मशीनला कधीकधी…” हरिश्चंद्र पुटपुटला.

“थांब. मशीनचे कागद मी वाचलेत.” बकुळानं गेल्या शनिवारचा कागद आणि यंत्रातून नुकताच निघालेला आजचा, दोन्ही शेजारी ठेवले. “ही खालची बारीक ओळ. उंची. गेल्या शनिवारी एकशे एक्कावन्न, आज एकशे अठ्ठावन्न. पन्नाशी उलटल्यावर मी आठवड्यात सात सेंटिमीटर वाढले? वयनी, तुझे काढ गो.”

दमयंतीनं पिशवीतून तीन कागद काढले. एकशे पन्नास, त्रेपन्न, छपन्न.

“अगो, अशीच वाढलीस तर दिवाळीला माडावरचे नारळ खाली उभी राहून काढशील!” बकुळा म्हणाली.

आता सगळेच आपापले कागद चाचपू लागले. हरिश्चंद्र घाईघाईनं म्हणाला,

“अहो, वाईट हेतू नव्हता. लोकांचा उत्साह टिकावा म्हणून…”

“ते मागनं. चरबी कशी उतरवलीस ते बोल.”

तो बोलला. यंत्राला चरबी दिसतच नाही. ते हातापायांतून बारीकसा करंट सोडतं आणि तो किती अडतो ते मोजतं. पाण्यानं भरलेल्या स्नायूंत कमी, चरबीत जास्त. मग तो आकडा, वजन, आणि आपण भरलेली उंची व वय, असं सगळं गणितात घालून चरबीचा अंदाज काढतं. उंची वाढवून टाकली की गणितात चरबी आपोआप घटते. पुतळ्यातला लाल रंग त्या गणितावरून भरलेला. शरीराचं वयही त्यातलंच.

“म्हणजे मी अठ्ठावीसची नाय?” दमयंतीनं हळूच विचारलं.

“नाय वयनी. एकसष्टची आहेस, आणि मला सत्तरीची पण बघायचीय.”

दमयंतीनं त्याच पावली आरोग्य केंद्र गाठलं.

अशी यंत्रं सगळीच खोटी, असं नाही. उंची खरी, वेळ तीच, पोट रिकामं, असं दर वेळी मोजलं तर चढउतार बरेचसे कळतात, आणि चालण्याचा हुरूप टिकतो. पण यंत्राला आपण सांगू तेवढंच ठाऊक असतं. तेव्हा हात जोडण्याआधी विचारावं: तुला कोणी काय सांगितलं? आणि यंत्राच्या भरवशावर डॉक्टरची गोळी कधीही बंद करू नये.

दीड महिन्यानं दमयंतीची साखर एकशे साठवर आली. तपासणीचा कागद ती देव्हाऱ्यात ठेवायला निघाली, तशी बकुळानं काढून घेतला.

“तिथं नको गो. कपाटात ठेव. पुढच्या महिन्याचा आला की ताडून बघायचाय.”