टाकाऊच्या यादीतले आजोबा

सुट्टीत पोरांनी टाकाऊतून टिकाऊ काहीतरी करून आणा, असं शाळेनं सांगितलं. म्हणजे सुट्टी पोरांना आणि शाळा घरच्यांना! आठ दिवस आमच्या घरात कचरा टाकायची सोय राहिली नाही. मी गोळ्यांचं रिकामं पाकीट केरात टाकलं, की माझी सात वर्षांची नात ते उचलून, पुसून खिडकीत मांडायची. तिला आम्ही ठिणगी म्हणतो, उगाच नाही.

"बाबा, काही टाकायचं झालं तर आधी तिला विचारा," सून म्हणाली.

घ्या! औषधं माझी आणि परवानगी हिची.

मी शिंपी. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुटला. सुईत दोरा ओवेना, काजं वेडीवाकडी व्हायला लागली. दुकान बंद केलं. तेव्हापासून तो हात विजारीच्या खिशात कोंबून फिरतो. कुणी त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून कुठे जातही नाही.

त्या दुपारी ठिणगी शाळेचा कागद भरत बसली होती.

"आजोबा, टाकाऊ म्हणजे नक्की काय हो?"

"ज्याचा आता कुणाला उपयोग नाही ते. माझ्यासारखं," मी खेकसलो.

"बरं," म्हणाली आणि लिहायला लागली. मी चष्मा लावून वाकून पाहिलं. मोडकी छत्री. गोळ्यांची पाकिटं. उरलेला दोरा. आजोबा.

शब्द माझाच होता ना!

तिनं त्या चंदेरी पाकिटांचे साठ पक्षी कापले होते. माझ्या जुन्या रिळांच्या दोऱ्यानं ते छत्रीच्या काड्यांना बांधून छत्री खिडकीत टांगली होती. दिसायला झकास, पण पक्षी ढिम्म. पंखा लावला तर नुसता गुंता. फुंकून फुंकून पोरीचे गाल दुखले. उद्या शाळेत न्यायचं आणि एक पक्षी उडेल तर शपथ. तिचे डोळे भरून आले होते. मग एकाएकी ती माझ्याकडे वळली.

"आजोबा, हात द्या. तो नाही, टाकाऊवाला."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. मी उजवा हात खिशातून बाहेर काढला. तिनं छत्रीला एक लांब दोरा बांधून त्याचं दुसरं टोक माझ्या बोटाला बांधलं.

"आता काही करू नका. नुसते बसा."

मी नुसता बसलो. दोरा थरथरला. आधी खालचा एक पक्षी हलला, मग दुसरा, आणि बघता बघता साठच्या साठ! धुळीत अंघोळ करणाऱ्या चिमण्यांसारखे फडफडायला लागले. खिडकीतलं ऊन त्यांच्या पंखांवरून उडालं आणि छतभर, भिंतींवर, साखरेच्या डब्यावर उजेडाचे ठिपके नाचायला लागले. कपबशा विसळता विसळता सून बाहेर आली. "अगं बाई!" म्हणून तशीच उभी राहिली. तिच्या तोंडावरही ठिपके. चाळीस वर्षांत या हातानं पुष्कळ केलं, पण असं जिवंत काही कधी झालं नव्हतं. आणि मी तर काहीच करत नव्हतो!

दोन वर्षं रोज या हाताला म्हणत होतो, थांब रे बाबा एकदाचा. त्या दुपारी पहिल्यांदा भीती वाटली, हा थांबला तर?

"ठिणगे, आता त्या यादीतून माझं नाव खोड," मी म्हणालो.

"छे! वस्तू टाकाऊच लागते. चांगली घेतलेली बाईंना चालत नाही." तिनं कागदाची घडी घातली. "उद्या तुम्हाला यावं लागेल हं. सगळी शाळा बघायला येणार आहे."

सगळी शाळा. मी हाताकडे पाहिलं. पक्षी उडतच होते.

"सूनबाई," मी म्हणालो, "माझी चांगली विजार काढ. आणि तिच्या उजव्या खिशाला चार टाके घालून तो बंद करून टाक."