चौथ्या मजल्यावरचा पाण्याचा माठ

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी काही देखणा नाही. पोट मोठं, मान आखूड, काठाचा एक टवका उडालेला. वय बावीस वर्षं. आम्हा माठांत बावीस म्हणजे पणजोबाच की! आमच्यातले बहुतेक जण पाच-सहा उन्हाळ्यांत फुटून मोकळे होतात. मी अजून शाबूत आहे आणि अजून पाणी गार करतो, ते माझ्या मालकिणीच्या हातामुळे. म्हणून माझी गोष्ट सांगताना तिचीच जास्त सांगितली, तर रागावू नका.

माझा जन्म ब्रह्मदेशातला, मोलम्याइन शहराजवळच्या एका कुंभारवाडीतला. तिथे माठ दोघी मिळून घडवतात. एकीने पायाने चाक फिरवायचं, दुसरीने माती वर ओढायची. माझ्या वेळी चाक फिरवणारी पोरगी नवीन होती आणि तिचं सगळं लक्ष गप्पांत होतं, म्हणून मी एका अंगाला जरा कललेलो आहे. भट्टीतून निघालो तेव्हा हा वाकडा कोण घेणार, असं कुंभारीण माझ्या तोंडावर म्हणाली. दॉ सान यी यांनी मला घेतलं; दॉ म्हणजे तुमच्याकडचं बाई. त्यांची मुलगी थिरी तेव्हा सहा वर्षांची होती. ती त्यांना अमे म्हणते, म्हणजे आई. मीही मनातल्या मनात अमेच म्हणतो.

तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणपोई लागते ना? आमच्याकडे ती बाराही महिने असते, आणि ज्याच्या त्याच्या फाटकाबाहेर असते. अमेच्या नवऱ्याने माझ्यासाठी तिवई ठोकली, वर चिमुकलं छप्पर घातलं. रोज पहाटे अमे मला काथ्याने आतून घासायची, नवं पाणी भरायची, झाकणावर पेला उपडा घालायची. शाळेची पोरं, मासळीवाल्या, सायकलवाले, सगळे थांबायचे. अमेशी तीन वर्षं अबोला धरलेली शेजारीणसुद्धा रुबाबात यायची, पेलाभर पिऊन जायची आणि अबोला पुढे चालू ठेवायची. कुणी "काय गार आहे हो!" म्हणालं, की अमे आत स्वयंपाकघरात खूश आणि मी बाहेर फुगून बसलेला. ते दिवस चांगले होते.

पुढे थिरी शिकली, इंजिनिअर झाली आणि समुद्रापलीकडे मलेशियात, पेनांगला एका कारखान्यात नोकरीला लागली. अमेचा नवरा वारला. घरात उरलो अमे आणि मी. एका दुपारी माझ्यात पाणी ओतताना अमेचा पाय घसरला. ती माझ्या तिवईशी पडली आणि तिला उठता येईना. भर उन्हाची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती हाका मारत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर गप्प उभा होतो. मित्रांनो, मला हात नाहीत याचं वाईट मला जन्मात एकदाच वाटलं, ते त्या दिवशी. संध्याकाळी एक सायकलवाला पाणी प्यायला थांबला, तेव्हा ती सापडली.

थिरी धावत आली. आता तू इथे एकटी राहायची नाहीस, माझ्याबरोबर चल, असं तिने निक्षून सांगितलं. अमे बधेना. शेवटी सौदा ठरला. एप्रिलात आमच्या नव्या वर्षाचा पाण्याचा सण येतो, तोवर अमेने पेनांगला राहून बघायचं. नाही रमली, तर थिरीने तिला परत आणून सोडायचं. सौदा करताना थिरी हसली खरी, पण मनातून ती धास्तावली होती. आई परत आली आणि पुन्हा अशीच पडली तर, हे तिला बोलवत नव्हतं.

निघताना माझ्यावरून जुंपली. तिकडे फ्रीज आहे, हे धूड कशाला, असं थिरीचं म्हणणं. अमे म्हणाली, "फ्रीज दाराबाहेर ठेवता येतो का?" अमेने आपले चपलांचे दोन जोड आणि लोकरीचं जाकीट मागे ठेवलं, मला जुन्या लुंगीत गुंडाळलं आणि विमानात मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, आत नातू आहे.

पेनांगची इमारत नऊ मजल्यांची. आम्ही चौथ्यावर. लिफ्ट होती, पण आठवड्यातून तीन दिवस ती आजारी असायची. थिरी पहाटे जायची ती दिवस कलल्यावर यायची. अमेला भाषा येत नव्हती. बाजारात गेली तर भाजीवाला तिच्यासमोर आकड्यांचं यंत्र धरायचा, ती मान हलवायची, झालं बोलणं. रविवारी थिरी तिला बर्मी विहारात न्यायची, तिथे दोन शब्द कानावर पडायचे. बाकी सहा दिवस ती खिडकीशी बसायची, नाहीतर माझ्याशी बोलायची. एकदा मला म्हणाली की इथे मी मेले तरी वास येईपर्यंत कुणाला कळणार नाही. मला ते ऐकवलं नाही.

अशात मार्च उजाडला आणि इमारतीतल्या मलय लोकांचा उपासाचा महिना लागला. हे लोक महिनाभर दिवसा काही खात नाहीत, असं थिरीने घाईघाईत बूट घालता घालता सांगितलं. अमेचे डोळे चमकले. आमच्याकडेही उपोसथाच्या, म्हणजे आम्हा बौद्धांच्या उपासाच्या दिवशी दुपारनंतर जेवत नाहीत, पण पाणी चालतं. उलट उपासकऱ्याला पाणी पाजलं तर केवढं पुण्य! उपाशीपोटी चार-चार जिने चढणारी माणसं, घोटभर गार पाणी मिळालं तर दुवा देतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला घासूनपुसून दाराबाहेर स्टुलावर मांडलं, झाकणावर पेला ठेवला आणि जाळीच्या दाराआड कान देऊन बसली. किती दिवसांनी ती गुणगुणत होती!

सकाळ गेली, दुपार गेली. माणसं आली नि गेली. कुणी हात लावला नाही.

ऊन उतरल्यावर अमेने झाकण उघडलं. पाणी काठोकाठ होतं. तिने ते तुळशीसारखं जपलेल्या मिरचीच्या रोपाला ओतलं आणि मला आत घेतलं. रोज हेच. सकाळी भरायचं, सूर्य मावळायच्या आत रिकामं करायचं. एकदा पाचव्या मजल्यावरच्या चिनी आजीबाईंनी मला कुठलासा देव समजून समोर संत्रं ठेवलं आणि उदबत्ती लावली. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी माझ्या झाकणावर चुरगळलेला कागद टाकून गेलं. काल देव, आज कचऱ्याचा डबा. हसावं की रडावं ते कळेना.

सगळ्यात जास्त लागलं ते समोरच्या बाईंचं. मैमुना त्यांचं नाव, अमेच्याच वयाच्या, घरात एकट्या. त्या जिना चढून धापा टाकत यायच्या, मला बघायच्या आणि झटकन मान वळवून, जवळजवळ पळतच आपल्या दारात शिरायच्या. अमे हे जाळीतून रोज बघायची. आमच्या गावात वैऱ्याच्या दारचं पाणीसुद्धा कुणी नाकारत नाही. पेला पुसताना तिचा हात जड झालेला मला कळायचा.

असे वीस दिवस गेले. एकविसाव्या दिवशी सकाळी जिन्यावर बुटांचा आवाज झाला. डासांची तपासणी करणारे साहेब आले होते. इमारतीत दोघांना डेंग्यू झाला होता, आणि साठलेलं पाणी दिसलं की हे लोक कुणाची गय करत नाहीत. त्यांनी माझं झाकण उचललं, आत बॅटरी मारली, काहीतरी विचारलं. अमेच्या तोंडचं पाणी पळालं. मैमुनाबाई आवाज ऐकून दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा विचारलं.

अमेला वाटलं, पाणी चांगलं आहे का, असं विचारताहेत. तिने पेला भरला. आमच्याकडे मान देऊन द्यायचं तर उजव्या हाताच्या कोपराला डावा हात लावून देतात. तसा तिने तो साहेबांपुढे धरला. साहेबांनी हात छातीवर ठेवून मान हलवली आणि एक पाऊल मागे सरकले. अमेने पेला मैमुनाबाईंपुढे धरला. त्यांनीही मान हलवली.

मित्रांनो, बावीस वर्षांत माझं पाणी समोरासमोर कुणी नाकारलं नव्हतं. त्या दिवशी दोनदा नाकारलं. अमेने मला कवेत घेतलं, आत आणलं, न्हाणीत उपडं घातलं आणि दार लावून घेतलं. माझ्या काठाखाली अंधार होता. बाहेर ती रडत होती आणि मी तसाच उपडा ऐकत होतो.

संध्याकाळी सहाला थिरी आली. अमे बॅग भरून बसली होती.

"तिकीट काढ," ती म्हणाली. "सणाची वाट बघायची नाही मला. जिथे कुणी आपल्या हातचं पाणी पीत नाही, तिथे आपलं काय काम?"

थिरीने हातातली पिशवी खाली टाकली. काय झालं, कधी झालं, सगळं खोदून खोदून विचारलं. अमेने सांगितलं. सांगता सांगता पुन्हा रडली. आणि थिरी? तिने कपाळावर हात मारला.

"अगं अमे, यांचा उपास निर्जळी असतो. उजाडल्यापासून सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. सांगायचं मीच विसरले गं."

"घोटभरसुद्धा नाही?"

"घोटभरसुद्धा नाही. आणि तू रोज सकाळी भरतेस आणि मावळायच्या आत ओतून टाकतेस."

अमेचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! तिला हलकं वाटेल, असं थिरीला वाटलं होतं. झालं उलटंच. "म्हणजे वीस दिवस मी तहानलेल्या माणसांपुढे गार पाणी मिरवत बसले?" असं म्हणून ती मटकन खालीच बसली. आता तर मला तोंड दाखवायलाही जागा नाही, आजच्या आज ने मला इथून, असा धोशा तिने लावला. थिरीने परोपरीने समजावलं. शेवटी तीही दमली. म्हणाली, "जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण त्या माक चिकची माफी न मागता गेलीस, तर ते पाप माझ्या डोक्यावर ठेवून जाशील." माक चिक म्हणजे मावशी, असं ती मैमुनाबाईंना म्हणायची.

पाप म्हटल्यावर अमे उठली. न्हाणीतून तिने मला उचललं, काथ्याने घासलं, धुतलं, भरलं. सूर्य मावळायला थोडाच वेळ उरला होता. पहिल्यांदाच संध्याकाळच्या वेळी मी दाराबाहेर आलो. अमे माझ्याशेजारी मान खाली घालून उभी राहिली आणि थिरीने समोरची कडी वाजवली.

मैमुनाबाई दारात आल्या. हातात खजुराची बशी होती. थिरीने भराभरा सगळं सांगितलं, की हे पाणी प्यायचं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहे, आमच्यात उपासाला पाणी चालतं, आईला ठाऊक नव्हतं, तिला माफ करा. मैमुनाबाई ऐकत राहिल्या. त्यांनी अमेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मशिदीची बांग झाली.

त्यांनी एक खजूर तोंडात टाकला. मग सरळ आल्या, अमेच्या हातातला पेला घेतला, आमच्या उंबऱ्यावर बसल्या, देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून अख्खा पेला प्यायल्या. उठल्या नाहीत. पेला पुढे केला. अमेने पुन्हा भरला. तोही प्यायल्या.

"काय मेला गार आहे!" त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या. "पोरी, तुझ्या आईला सांग, वीस दिवस या माठाने माझा जीव घेतलाय. चार जिने चढून यावं, तर हा आपला घाम गाळत उभा! उपास मोडेल या भीतीने मी मान वळवून पळायची. मला वाटायचं, बाई पाण्याची पूजा वगैरे करते, विचारायचं कसं? आणि त्या साहेबांना मीच सांगितलंय, ही बाई माठ रोज घासते, डास यायचा कुठून? झाकण लावून ठेवा, एवढंच म्हणून गेला तो."

थिरी एकेक वाक्य अमेला सांगत होती. 'पळायची' हे ऐकल्यावर अमेच्या तोंडून जे हसू फुटलं, ते मी मोलम्याइन सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसत ती मैमुनाबाईंच्या शेजारी उंबऱ्यावरच बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मैमुनाबाईंनी घरातून मसाल्याची पेज आणली आणि दोघी एकाच थाळीतून खात बसल्या. वरच्या मजल्यावरची दोन माणसं नमाजाला खाली उतरत होती. मैमुनाबाईंनी त्यांना हाक मारून पाणी पाजलं, जणू माठ त्यांचाच होता. माझा तळ उघडा पडला. वीस दिवसांनी माणसांच्या पिण्याने रिकामा झालो मी, आणि काय सांगू, जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मी मातीचा, माझं मागणं थोडकं. तुमच्या घरी माठ असेल तर त्याला साबण लावू नका, काथ्याने घासा, पाणी रोज बदला आणि झाकण विसरू नका. आणि तुमच्या इमारतीत कुणी परक्या गावचं माणूस राहायला आलं आणि काही वेगळंच करताना दिसलं, तर मान वळवून जाण्याआधी त्याला एकदा विचारा. वीस दिवस फार होतात हो.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. जेवणं झाली, दार लागलं. भरलेली बॅग तशीच भिंतीशी उभी होती आणि थिरी तिच्याकडे चोरून बघत होती. विचारायचा धीर तिला होत नव्हता. अमे पेला पुसत होती. पुसता पुसता, मान वर न करता, तिने विचारलं, "उद्या सूर्य किती वाजता मावळतो गं?"