रंगवलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. खरे तर मला खिडकी म्हणणेही जिवावर येते, कारण मला ना काच, ना गज. विटांच्या भिंतीत एक उथळ कोनाडा, त्यात काळा रंग, वर पांढऱ्या पट्ट्या आणि रंगानेच काढलेली एक कडी. एवढाच माझा संसार.

आमच्या जमीनदाराला हवेलीसमोर तळे हवे होते. मध्ये गाव आले. त्याने गाव उठवले, चर्च पाडले, दफनभूमीसकट सगळे पाण्याखाली घातले आणि टेकडीवर एकसारखी चाळीस घरे बांधून दिली. तळ्याकडच्या बाजूला खरी खिडकी ठेवायची नाही, असा त्याचा हुकूम होता. पाहुण्यांना गावकऱ्यांची तोंडे दिसता कामा नयेत. पण कोरी भिंतही त्याच्या डोळ्यांत सलत होती, म्हणून मला रंगवले.

माझ्या घरात केझाया वुडली नावाची विधवा राहायला आली. तिची सात वर्षांची मुलगी टॅमझिन जुन्या दफनभूमीत, म्हणजे आता तळ्याच्या तळाशी होती. केझायाने आतून, माझ्या पाठीमागच्या कोऱ्या भिंतीवर पडदा लावला. रोज सकाळी तो सारून ती भिंतीसमोर बसे. लोक हसत. मग एकदा नावेतल्या पाहुण्यांना माझ्यात तिचा चेहरा दिसला आणि हसणे थांबले.

जमीनदाराचा कारभारी आला. त्याने भिंत ठोकून पाहिली आणि काय बघतेस म्हणून दरडावले.

ती शांतपणे म्हणाली, "पोर वर येतेय साहेब. काल कुंपणापाशी होती. दोन दिवस द्या, मग खुशाल घराबाहेर काढा मला."

त्याने उद्याच्या उद्या मला चुन्याने लिंपून टाकायला सांगितले. गवंडी जोब ॲटवेल जुन्या गावचाच होता. सकाळी बाहेर माझ्याखालच्या फरशीवर चिमुकली ओली पावले पाहून त्याने थापी पिशवीत परत ठेवली.

"चुना अजून मुरला नाही साहेब," तो कारभाऱ्याला म्हणाला. "दोन दिवस तरी लागतील."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी धुके दाटले. कुणीतरी मला बाहेरून हळूच ठोठावले. मी घाबरले, मित्रांनो. रंगवलेली कडी कशी काढायची, हे मला कुणी शिकवले नव्हते. तरीही काहीतरी सरकले.

संध्याकाळी केझाया खुर्चीतच गेलेली सापडली. चेहऱ्यावर समाधान होते. तिची मांडी ओलीचिंब होती आणि तळ्याच्या चिखलाचा वास येत होता. मला लिंपायला पुन्हा कुणी आले नाही.

आता माझा रंग उडाला आहे. कधी रंगवायला आलात, तर एवढे करा. कडी उघडी रंगवा. तळ्यात अजून पुष्कळ मुले आहेत. त्यांच्या आया केव्हाच गेल्या, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.